निवट्यांचे डोहाळे

आमच्या वहिनीला डोहाळे लागले ते निवट्यांचे. नागपुरात! प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते, पाऊस पडला की काळ्या मातीत चपला रुतून बसत, आणि नळाला पाणी आलं की शेजारीण शेजारणीला ओरडून सांगे. अशा ठिकाणी राहून माझ्या वहिनीला खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारी, खाऱ्या पाण्याची, जेमतेम बोटभर लांबीची मासळी खावीशी वाटली. म्हणजे, घरातल्या सगळ्यांना तसं वाटलं. खरी गोष्ट मला दुसऱ्याच दिवशी कळली होती. पण ती सांगण्याआधी माणसं सांगते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. घरात आई, दादा, कॉलेजात जाणारी मी आणि दोनेक वर्षांपूर्वी आलेली वहिनी. आम्ही मूळचे भिवापूरकडचे, घरची मिरचीची थोडी शेती अजून होती. दादा सरकारी कचेरीत कारकून. त्याला पहिलं पोस्टिंग मिळालं ते थेट पेणच्या बाजूला, आणि तिथून बदली करून घेऊन परत आला तो वहिनीला सोबत घेऊनच.

वहिनीचं माहेर खाडीच्या काठी. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. बापानं वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे रोज सोबत चिखलात नेऊन वाढवलं. दादानं मागणी घातली तेव्हा त्या माणसानं त्याला चहा पाजला, त्याचं कुळ-मूळ काहीही विचारलं नाही, आणि म्हणाला, "पोर चांगला हायस. पण जिथं भरती-ओहोटी नाही, तिथं मी मुलगी देनार नाय." वहिनीनं हट्ट धरला. लग्न झालं, बाप लग्नाला आला नाही. त्यानंतर ना चिठ्ठी, ना निरोप. वहिनीही तिकडचं नाव काढत नसे. हसरी, बुटकी, कामाला वाघ बाई. पण माहेरचा विषय निघाला की तिला एकदम पाणी भरायचं आठवे.

तिला दिवस राहिले आणि तिचं अन्न सुटलं. मळमळ सगळ्याच बायकांना होते, हे मला सतरा जणींनी सांगितलं होतं. हे तसलं नव्हतं. पाणी प्यायली तरी उलटून पडे. सकाळ झाली की मोरीतून तिच्या ओकाऱ्यांचा आवाज येई आणि आम्ही तिघंही आपापल्या जागी हातातलं काम थांबवून तो ऐकत असू. गालाची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "असंच चाललं तर भरती करून सलाईन लावावं लागेल. पोटातल्याला काय मिळत असेल?" असं त्या म्हणाल्या. आईचा चेहरा उतरला.

परत येताना सायकलरिक्षात वहिनी माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. मध्येच हसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमच्याकडं दवाखान्यात भरती करतात. आमच्याकडं भरती म्हणजे खाडीला पानी चढतं. आणि सलाईन म्हणजे शेवटी खारं पानीच ना गो?"

अशा अवस्थेतही तिला असलं काही सुचायचं. मला तिचं फार कौतुक वाटायचं, आणि त्या दिवसांत भीतीही वाटायची.

आता आईविषयी. माझ्या आईचा जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज होता: खाऊ घालणे. परीक्षेत कमी मार्क मिळाले, खा. कुणी मेलं, खा. सुनेला अन्न जात नाही म्हटल्यावर ती पेटलीच. गोळाकढी झाली, वडाभात झाला, सांबारवडी झाली, मुगाच्या डाळीचं पातळ पाणी झालं. प्रत्येक ताट वहिनीपुढे जाई, वहिनी तोंडाला पदर लावी, आणि ताट परत येई. मग आई पलंगाच्या कडेला बसून सुरू करी.

"काय खाशीन? सांग न वं. तोंडाले कशाची आठवण होऊन राहिली?"

"काही नको, आई."

"असं कसं काही नको? डोहाळे सगळ्यायले लागते. तुलेच काहून नाही?"

आमच्याकडे डोहाळे म्हणजे कायदाच. गरोदर बाईनं मागितलं ते द्यायचं. बोलणं बंद असलेल्या जावेच्या दारात जाऊन 'सुनेला डोहाळे लागले' म्हटलं, तर जाऊसुद्धा मुकाट्यानं बरणी उघडते. नाही म्हणायची सोयच नाही. त्यामुळे सुनेला डोहाळेच नाहीत ही गोष्ट आईच्या पचनी पडत नव्हती. रोज दुपारी तोच प्रश्न. शेवटी एका दुपारी वहिनीनं डोळे मिटूनच उत्तर दिलं.

"निवट्या."

"निवड्या?" आई पुढे सरकली. "निवडून देऊ? काय निवडून देऊ, तांदूळ?"

"निवट्या हो. मासळी आहे. खाऱ्या पाण्यातली. चिखलात असते, खाडीकाठच्या खाजणात."

आई उठली ती अंगात आल्यासारखी. डोहाळे लागले!

दुसऱ्या दिवशी मी वहिनीची वेणी घालत होते तेव्हा तिनं मला हळूच सांगितलं, "मला काही खायचं नाही गो. मासळीचा वाससुद्धा नको वाटतो. इथं जन्मात मिळायची नाही अशी वस्तू मुद्दाम शोधून सांगितली. आता मिळत नाही म्हटल्यावर ताटं तरी पुढं यायची थांबतील."

मला हसू आवरेना. आईच्या आग्रहापुढे मी आजवर हरतच आले होते; ही युक्ती मला कधी सुचली नव्हती. मी कुणालाही न सांगण्याचं कबूल केलं. पण आम्ही दोघी आईला पुरत्या ओळखत नव्हतो.

दादा म्हणाला, "इतवारीच्या बाजारातून सुकी मासोळी आणतो." आईनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग तो रविवारी सायकल काढून कन्हानला गेला आणि नदीवरच्या मासेमाऱ्यांकडून डबाभर जिवंत बारक्या मासोळ्या घेऊन आला. चिखलातल्याच आहेत ना, असं त्यांना दोन-दोनदा विचारून आणल्या होत्या. आईनं डब्यात डोकावून पाहिलं.

"पन ह्या तर गोड्या पाण्यातल्या."

"आता नागपूरले समुद्र कुठून आणू?" दादा वैतागला.

"समुद्र कायले पाहिजे? खारं पाणी पाहिजे ना?" आईनं घंगाळ ओढलं, पाणी भरलं, आणि मिठाच्या बरणीतून ओंजळ-ओंजळ मीठ आत टाकलं. पळीनं ढवळलं. बोट बुडवून चव पाहिली, समाधानानं मान हलवली, आणि कन्हानच्या सगळ्या मासोळ्या त्यात ओतल्या. रात्रभर खाऱ्या पाण्यात राहिल्या की त्या खाऱ्या पाण्यातल्या होतील, असा तिचा सरळ हिशोब होता. दादालाही तो पटला होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. तो आता कबूल करत नाही.

रात्रभर कसलं! आम्ही बघता बघता मासोळ्या वेड्यावाकड्या फिरल्या आणि एकेक करून उताण्या पडल्या.

"मीठ जास्त झालं," आई म्हणाली. वरणाबद्दल म्हणावं तसं.

दारात उभी असलेली वहिनी हसायला लागली. भिंतीला धरून, पोटाला हात लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि तशीच धावत मोरीत गेली. पण हसली हे खरं. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

संध्याकाळी आई तिच्याजवळ जाऊन बसली. या वेळी हातात ताट नव्हतं. "कशी राहते वं तुही थे निवटी? मले सांग तरी."

आणि वहिनी सांगू लागली. आधी पडल्या पडल्या, मग उशीला टेकून, मग चक्क मांडी घालून. निवटीचे डोळे डोक्याच्या वर असतात, दोन मणी चिकटवल्यासारखे. ओहोटी लागून पाणी गेलं की बाकी मासळी पाण्याबरोबर जाते, निवटी मागे राहते. कल्ल्याजवळच्या दोन परांवर रेटा देत चिखलातून चालते. गालात पाणी भरून ठेवते आणि अंग ओलं राहावं म्हणून चिखलात लोळते. नर पाठीवरचा पर शिडासारखा उभा करून उड्या मारतात. तिवराच्या झाडांच्या मुळांवरसुद्धा चढून बसतात, बाबांच्या टोपीवर एकदा एक चढली होती. बिळाला दोन तोंडं असतात. एका तोंडात पाय घालून ते बंद करायचं आणि दुसऱ्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. हे बाबांनी शिकवलं. बाबांचा पाय पडला की बीळ कुठल्या दिशेला गेलंय ते त्यांना कळतं. बाबा पुढे, ती मागे. चिखल मांडीपर्यंत, भरतीची वेळ बाबांना आकाशाकडे न बघता कळे.

पुढे कैक वर्षांनी मी ते खाजण पाहिलं. पाणी ओसरलेलं होतं आणि नजर पोचेल तिथपर्यंत राखाडी, चकचकीत चिखल. मला वाटलं, इथे काहीच नाही. मग दोन मिनिटं उभी राहिले तर तो सगळा चिखल हलत होता. जिकडे पाहावं तिकडे निवट्या: भांडत होत्या, एकमेकींवर तोंड वासत होत्या, आपल्या बिळाभोवती दुसरीला फिरकू देत नव्हत्या. एवढ्याशा मासळीचा काय तो तोरा! अंगावर निळे ठिपके, ऊन पडलं की चमकायचे. पाण्याची मासळी असून निम्मा दिवस पाण्याबाहेर संसार मांडून बसलेली. मला तेव्हा वहिनीची ती संध्याकाळ आठवली, आणि तिनं किती नेमकं सांगितलं होतं ते कळलं.

त्या संध्याकाळी मात्र मी मासळीचंच ऐकत होते. आई दुसरंच काहीतरी ऐकत असावी. ती सुनेच्या तोंडाकडे बघत होती, एक शब्द न बोलता, आणि आईनं न बोलता बसणं ही साधी गोष्ट नव्हती.

सकाळी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पोस्टकार्ड पुढे ठेवलं. "इवाईबुवाले लिही." व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात.

"कुणाला?" मी दचकले. "अगं, त्या माणसानं दोन वर्षांत..."

"मी सांगतो थे लिही. माह्या सुनेले, नाही, तुमच्या मुलीले दिवस गेले आहे. तिले निवट्यायचे डोहाळे लागले. वाळलेल्या नको. मेलेल्या नको. जित्या पाहिजे. बाकी सगळं ठीक."

"सगळं कुठं ठीक आहे? आणि जिवंत मासे मुंबईच्या पलीकडून नागपूरला कसे येतील? तो माणूस कार्ड फाडून टाकेल."

"डोहाळे आहे," आई म्हणाली. "नाही म्हणन का?"

मी लिहिलं. वहिनीला यातलं काही सांगायचं नाही अशी मला ताकीद मिळाली. म्हणजे आता वहिनीचं गुपित आईपासून आणि आईचं वहिनीपासून, असं दोन्हीकडचं माझ्याकडे आलं, आणि पोट दुखायची पाळी माझ्यावर आली.

दिवस गेले. उत्तर नाही. वहिनी आणखी सुकली. आता तिला अंगणापर्यंत चालत जायलाही धरावं लागे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सोमवारी आणा, आता भरतीच करू. मला त्या आठवड्यात अभ्यास सुचला नाही. वहिनी मरेल असं मला वाटत होतं, आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग येत होता. आई देवाजवळ बसून काय बोलायची कोण जाणे. पण दादाला मी फाटकापाशी उभं राहून डोळे पुसताना पाहिलं.

रविवारी सकाळी फाटकाशी सायकलरिक्षा थांबली. आमच्या अंगणात भिवापूरहून आलेली मिरची वाळत घातली होती, सगळं अंगण लाल. रिक्षातून एक काटक माणूस उतरला. पांढरी टोपी, गुडघ्याच्या जेमतेम खाली पोचणारं धोतर, एका हातात पत्र्याचा डबा आणि दुसऱ्या हातानं पोटाशी धरलेलं मडकं. मडक्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. रिक्षावाला नाकाला गमछा लावून उभा होता.

"क्या लाया है रे बाबा, पूरा रास्ता बास मार रहा," तो पुटपुटला.

तो माणूस फाटकाच्या आत आलाच नाही. "निवट्या आनल्यात," तो म्हणाला. "जित्या हायत. चिखलात ठेवल्यात, डब्यात खाडीचं पानी हाय, त्येच शिंपडत रहा. नळाचं पानी लावू नका. येतो मी."

मी आत धावले आणि आईला घेऊन आले. आई पदर सावरत फाटकाशी गेली.

"असे कसे येतो म्हणता, इवाईबुवा? ह्या निवट्या धराले कोणाले येते आमच्या घरी? कापाले कोणाले येते? आणि उद्या पोरीले भरती करून राहिलो आम्ही. तुम्ही गाडीत बसान परत?"

तो माणूस थबकला. "भरती?" त्याला काही कळेना. त्यानं त्या काळ्या मातीच्या मोकळ्या प्लॉटांकडे पाहिलं, मग आईकडे. "हितं कसली भरती?"

"दवाखान्यात!" आई म्हणाली. "पोटात अन्नाचा कण राहत नाही तिच्या. लेकरू आहे पोटात."

त्याचा चेहरा पडला. कार्डावर 'बाकी सगळं ठीक' असंच मी लिहिलं होतं. तो आत आला.

वहिनीनं आवाज ओळखला होता. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. बापानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिनंही. आईला ते पाहवेना. "पाहू तरी," असं म्हणून तिनं त्याच्या हातातलं मडकं घेतलं आणि वरचं फडकं काढलं.

दोन डोळे वर आले. आणि त्यामागून अख्खी निवटी उडी मारून आईच्या छातीवर आदळली.

"अवं माय वं!" आईनं मडकं सोडून दिलं. हे मात्र तिनं ठरवून केलं नव्हतं. एवढी घाबरलेली मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती. मडकं फुटलं, चिखल पसरला, आणि त्या चिखलातून निवट्या चारी दिशांना सुटल्या. उड्या मारत, परांवर चालत, मिरच्यांत शिरत. एक बाजेखाली गेली, एक दादाच्या चपलेत. मी किंचाळत बाजेवर चढले. आई माझ्या आधीच तिथे पोचली होती.

आणि वहिनी? जिला सकाळी मोरीपर्यंत धरून न्यावं लागलं होतं, ती पदर खोचून गुडघ्यांवर खाली आली होती. तिनं पहिली निवटी पकडली ते बघण्यासारखं होतं. झडप नाही, घाई नाही. हात चिखलात सरकला आणि मूठ बंद होऊन वर आली. दुसरी निसटली, मिरच्यांकडे निघाली.

"डावीकडून गो बाय!" बाप ओरडला. "पाय लाव, पाय लाव! अगो, मिरच्यांत जाईल ती!"

"लावलाय पाय, बाबा! तुम्ही मागून या!"

तोही धोतर वर खोचून खाली बसला. दोघं अंगणभर रांगत होते, एक पुढे, एक मागे, आणि एकमेकांवर खेकसत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा बोलले ते असं, एकमेकांना मासळी कशी धरावी ते सांगत. सगळ्या निवट्या आईच्या त्याच घंगाळात खाडीच्या पाण्यात जाऊन पडल्या तेव्हा दोघंही चिखलानं माखलेले होते. वहिनीच्या हाताला मिरची लागून आग होत होती. बापानं तिचा हात धरून त्यावर डब्यातलं खाडीचं पाणी ओतलं, आणि मग तो हात सोडलाच नाही. "काय झालीस गो ही," एवढंच म्हणाला. वहिनी त्याच्या खांद्यावर पडून रडली. आम्ही बाजेवरून उतरलो.

निवट्या साफ करायला राख लागते, नाहीतर हातात ठरत नाहीत. आमच्या चुलीची राख घेऊन व्याह्यांनी त्या मागच्या अंगणात साफ केल्या. रस्सा त्यांनी सांगितला तसा झाला, फक्त मिरची आईच्या हातची पडली. चुलीपाशी आम्ही दोघीच होतो आणि मला राहवेना. शब्द दिला होता, पण आता मासळी शिजत होती आणि वहिनीला ती खावी लागणार होती.

"आई, एक सांगू? तिला खायच्याच नव्हत्या. तुझं ताट टाळायला म्हणून तिनं मुद्दाम सांगितलं होतं."

आईनं रस्सा ढवळणं थांबवलं नाही. "माहीत आहे मले. डोहाळे लागलेल्या बाईचं तोंड असं राहते का? मले काय पोट्टे झाले नाही?"

"मग मागवल्या काहून?" मीही तिच्याच बोलीत विचारलं.

"वाळलेल्या मागवल्या असत्या तर पारसलनं आल्या असत्या. जित्या आणाले माणूस लागते." तिनं पळी झटकली. "थे पोट्टी निवट्यायचं सांगे, अन् दर वेळेस बाबा, बाबा. तुले ऐकू नाही आलं?"

नव्हतं आलं. मला आईच्या गळ्यात पडावंसं वाटलं; पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी कोथिंबीर चिरायला घेतली.

पंगतीला व्याही आमच्या पाटावर बसले आणि पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मिरचीचं होतं. वहिनीच्या ताटात आईनं भात वाढला, थोडासा, आणि वर रस्सा. निवटी वाढली नाही. "वासानं मळमळत असन तर नको खाऊ," ती म्हणाली. वहिनीनं एकदा बापाच्या ताटाकडे पाहिलं, त्याच्या ताटातली एक निवटी उचलली, आणि काटा काढून खाल्ली. मग आणखी भात मागितला. आम्ही सगळे जेवायचं सोडून मोरीच्या दाराकडे कान लावून बसलो होतो. ती उठली, हात धुतला, आणि येऊन बापाजवळ बसली.

सोमवारची सकाळ. मी जागी झाले तेव्हा उजाडलं होतं, आणि घरात कसलाच आवाज नव्हता. मी धडपडत उठले. आई मोरीसमोर नुसती उभी होती. तिनं मला ओठांवर बोट ठेवून खोलीकडे बोट दाखवलं. वहिनी झोपली होती. ओकारी नाही, काही नाही, तोंड उघडं टाकून, घोरत. मी जमिनीवर बसकण मारली. इतकं मोकळं मला मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. कमीच होतं, पण पोटात अन्न ठरतंय म्हटल्यावर भरतीची गरज नाही, म्हणाल्या. बहुतेकींचं हे काही महिन्यांनी आपोआप थांबतं, असंही म्हणाल्या. थांबत असेल. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही.

व्याह्यांची गाडी दुपारची होती. टोपी घालून, रिकामा डबा हातात घेऊन ते दारात उभे राहिले. निघायचे, पुन्हा थांबायचे. शेवटी आईकडे न बघता म्हणाले, "सातवा लागला की न्यायला येतो. पैलं बाळंतपण माहेरी असतं. घरात आत्या हाय तिची, सगळं करील."

आईला हे अपेक्षित नव्हतं. पहिलं नातवंड, पाळणा कुठे टांगायचा ते तिनं छताकडे बघून केव्हाच ठरवून ठेवलं होतं. तिचा चेहरा मला दिसत होता.

"न्या," ती म्हणाली. "तुमचाच मान आहे तो. पन सव्वा महिना झाला की आणून सोडजा."

वहिनी दोघांच्या मध्ये उभी होती. ती रडेल असं मला वाटलं. दादाला तर खात्रीच होती, त्यानं रुमाल काढला होता.

"आई," ती म्हणाली, "मले भूक लागली."

तिच्या बापानं चमकून पाहिलं. "मले काय गो? मला म्हण."

"मले," वहिनी हसून पुन्हा म्हणाली, आणि स्वतःच ताट घ्यायला आत गेली.